गैरहजेरी मांडा

"सर, माझ्या बहिणीची गैरहजेरी मांडा."

हुलिगेव्वानं हे तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कोट्रेश हेडमास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत घातला. चष्म्यातूनही तीच मुलगी दिसली.

"सव्वीस वर्षं झाली मला नोकरीला," मास्तर म्हणाले. "सायकलसाठी, स्कॉलरशिपसाठी, दाखल्यासाठी हजेरी द्या म्हणून लोक माझ्या दारात बसलेत. गैरहजेरी मागायला आलेली तू पहिलीच. ताप-बिप नाही ना?"

"मला ताप नाही. दुर्गव्वा सहावीत आहे आणि ऑगस्टपासून शाळेत नाही. फकीरगौडांच्या कापसात आहे. तुमच्या हजेरीपटात मात्र रोज हजर."

"मग चांगलंच आहे की! वर्ष वाया जात नाही पोरीचं."

हिरेगुंडूरच्या शाळेत माणुसकी अशी होती. कर्नाटकात कोप्पळच्या बाजूच्या काळ्या रानात कापसाचं बियाणं तयार करण्याचा हंगाम सुरू झाला की पाचवी ते आठवीचे वर्ग निम्मे रिकामे व्हायचे आणि हजेरीपट मात्र गच्च भरलेला. अख्ख्या शाळेच्या पटावर एकशे बारा पोरं, बाकावर ऐंशी. उरलेल्यांची अंडी, दूध आणि केळी कुठं जायची, हे विचारणं शिष्टाचाराला सोडून होतं.

हुलिगेव्वाला शिष्टाचाराचं वावडं होतं. ती सतरा वर्षांची होती, तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला बसनं जायची आणि रविवारी पंचायतीच्या वाचनालयात बसायची. तिथल्या भिंतीवर एक तक्ता होता. मूल सलग सात दिवस गैरहजर राहिलं तर शाळेनं वर कळवायचं, वरून माणूस घरी येणार, बापाला नोटीस देणार, मुलाला परत आणणार, असं त्यावर चित्रांसकट छापलेलं. चित्रातला माणूस फार हसतमुख होता. हिरेगुंडूरला तो कधीच आला नव्हता, कारण हिरेगुंडूरचं मूल कधी सात दिवस गैरहजर राहिलंच नव्हतं. कागदावर.

"तुम्ही 'गै' लिहिलंत तर तो माणूस येईल," हुलिगेव्वा म्हणाली. "बापाला सांगून पाहिलं, पण बापाला सांगून पाहिलं, पण यप्पा माझं ऐकत नाही. सरकारी कागदाला घाबरतो."

"आणि मला कोण विचारणार, तीन महिने काय झोपला होतास म्हणून?" मास्तरांचा आवाज चढला. "जा बाळ. कॉलेजला जातेस, तिथं अभ्यास कर. इथं येऊन शिकवू नकोस."

"इथं कुणीतरी शिकवायला पाहिजेच की, सर," ती म्हणाली आणि निघाली.

बाहेर येऊन तिनं पायानं एक दगड असा उडवला की शाळेच्या पत्र्यावर वाजला. राग आला की तिला बोलायच्या आधी काहीतरी उडवावं लागायचं. घरात म्हणून तिच्यापासून तांब्या लांब ठेवत.

हा राग जुना होता. ती स्वतः अकराव्या वर्षी कापसात गेली ती चार हंगाम. त्या कामाला गावात नुसतं 'क्रॉसिंग' म्हणतात. दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं तिचं साल गोल कापून आतले नरकेसर काढून टाकायचे आणि खुणेला लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग चोळायचे. दिवसाला हजार कळ्या. यासाठी पोरंच लागतात, कारण पोरांची बोटं बारीक आणि उंची झाडाला बरोबर. मोठ्या माणसाची कंबर मोडते आणि ते कुरकुर करतं. पोर कुरकुर करत नाही. काल फवारलेल्या झाडात आज शिरून डोळे चुरचुरले तरी ते आपलं नशीब समजून पुसतं. या कामासाठी उजव्या अंगठ्याचं नख वाढवावं लागतं. एकच. बाकीची नऊ आईनं कापायची आणि हे एक राखायचं, शेतातल्या हत्यारासारखं. कळीच्या चिकानं ते काळं पडतं, मधे चिरतं आणि घासून घासून जात नाही.

त्या चार वर्षांत हुलिगेव्वा शाळेच्या हजेरीपटावर दर वर्षी दोनशेहून जास्त दिवस हजर होती. सातवीत तर तिला नियमित हजेरीचं प्रमाणपत्र मिळालं. दहावीत गणितात अकरा मार्क पडले. मास्तर म्हणाले, मुलीचं डोकंच नाही. भागाकार शिकवला त्या महिन्यात ती कळ्या कापत होती, ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, कारण कागदावर ती पहिल्या बाकावर बसली होती. दुसऱ्या वेळी ती पास झाली, वाचनालयात बसून, एकटीनं, दात ओठ खात. प्रमाणपत्राच्या चिंध्या करून तिनं चुलीत घातल्या. त्या दिवशी घरात तांब्या वाचला.

आणि आता दुर्गव्वा.

दुर्गव्वाचं म्हणणं वेगळंच होतं. "अक्का, रानात नेताना टेम्पोत गाणी लावतात," ती सांगायची. "बिस्कीटपुडा देतात. शाळेत काय देतात? मास्तर झोपा काढतात."

"डोळे लाल का झालेत तुझे?"

"सगळ्यांचेच झालेत. माझेच एकटीचे असतील तर विचार."

बाप देवप्पा दाराशी बसून विडी ओढत ऐकायचा. "चार महिन्यांचा तर हंगाम," तो म्हणायचा. "तूही गेलीस. मेलीस का?"

"नाही मेले. म्हणून तर बोलतेय."

"तेच वाईट झालं," देवप्पा म्हणाला आणि आई गाळेव्वानं भाकरी थापता थापता तोंड फिरवून हसू दाबलं. मग तिचं हसू गेलं. मोठीची उजव्या डोळ्याची नजर अजून संध्याकाळी धूसर होते, हे तिला माहीत होतं. पण फकीरगौडाला नाही कोण म्हणणार?

फकीरगौडा नावाचाच फकीर. चाळीस एकर काळी जमीन, दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो आणि एक बायको शांतव्वा, जी पंचायतीची अध्यक्ष होती. म्हणजे खुर्चीवर नाव तिचं, बसायचा हा. सभेत शांतव्वा कोपऱ्यात पदर घेऊन बसायची आणि सही करायला पेन मिळालं की सही करायची. गाव त्यालाच अध्यक्ष म्हणायचं आणि त्याला त्यात काही चुकीचं वाटत नसे.

नोव्हेंबरात पंचायतीला मुलांची ग्रामसभा घ्यावी लागते. मुलांनी प्रश्न विचारायचे, पंचायतीनं उत्तरं द्यायची, वहीत लिहायचं आणि वर पाठवायचं. हिरेगुंडूरनं मागच्या वर्षी ती घेतलीच नव्हती. शेजारच्या गावाची वही आणून उतरवून काढली होती. उतरवणाऱ्यानं इतकं मन लावून उतरवलं की गावाचं नावही तेच ठेवलं. हिरेगुंडूरच्या मुलांनी दुसऱ्याच गावची गटार तुंबल्याची तक्रार केली होती! त्यामुळे यंदा तालुक्याहून अधिकारी सुनंदा मॅडम स्वतः बसायला येणार, असं पत्र आलं. पटावरची सगळी मुलं हजर पाहिजेत, प्रत्येक मुलाचा प्रश्न लिहिला गेला पाहिजे, हात वर असेपर्यंत सभा बंद करता येणार नाही, असं त्यात बजावलं होतं.

हुलिगेव्वा पत्र वाचून खूश झाली. तिनं आणि दहावीतल्या हुसेनबीनं वाचनालयात बसून बेत केला. हुसेनबीनंही दोन हंगाम कळ्या कापल्या होत्या आणि तिची जीभ कळी कापायच्या नखाहून धारदार होती.

"मॅडमसमोर हजेरीपट वाचायला लावायचा," हुलिगेव्वा म्हणाली. "एकेक नाव. दुर्गव्वा देवप्पा, हजर? कुठाय? संपला विषय."

"मास्तरांना चक्कर येईल गं."

"कांदा घेऊन ये."

सभेच्या दिवशी दुपारी दोनला दोघी शाळेच्या मोठ्या खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. खोली भरलेली होती. फकीरगौडानं सकाळचं पराग चोळायचं काम उरकून टेम्पो सरळ रानातून शाळेत आणला होता. बत्तीस पोरं. कुणाच्या अंगावर भावाचा शर्ट, कुणाच्या अंगावर बहिणीचा फ्रॉक, दोघांच्या गळ्यात एकाच टायचे दोन तुकडे. दुर्गव्वा तिसऱ्या रांगेत बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होती आणि अक्काकडं बघून हसत होती.

"झालं," हुसेनबी पुटपुटली. "आता वाच म्हणावं हजेरीपट. सगळे हजर."

हुलिगेव्वानं इकडं तिकडं पाहिलं. उडवायला जवळ काही नव्हतं.

सभा सुरू झाली. टेबलामागं मॅडम, शांतव्वा आणि तिच्या शेजारी, कुठल्याही नियमात न बसणारा, फकीरगौडा. कोट्रेश मास्तरांनी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या. एक मुलगा उठला आणि चिठ्ठी वाचून म्हणाला, "आमच्या शाळेत झाडे लावण्यासाठी पंचायत काय करणार?" मास्तरांनी लगेच उत्तर वाचलं. दुसऱ्या मुलीनं विचारलं, "आमच्या शाळेत झाडे लावण्यासाठी पंचायत काय करणार?" चिठ्ठ्या कमी पडल्यामुळे तीच दोनदा लिहिली गेली होती.

हुलिगेव्वा उठली. "माझा प्रश्न आहे."

"तू कोण?" फकीरगौडा म्हणाला. "ही मुलांची सभा आहे. तुझं लग्नाचं वय झालं."

"माझं वय सतरा वर्षं दहा महिने, गौडरे. अजून दोन महिने मी मूल आहे. तुमचं वय काय? आणि तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला कसे?"

पोरं खी खी करून हसली. शांतव्वाचा पदर हलला. हसली की काय ते कळलं नाही.

"प्रश्न विचार," मॅडम म्हणाल्या.

"माझी बहीण दुर्गव्वा ऑगस्टपासून शाळेत नाही. हजेरीपटात ती रोज हजर आहे. तिची गैरहजेरी कधी मांडणार?"

मास्तरांनी हजेरीपट उघडून मॅडमसमोर सरकवला. "बघा मॅडम. ही बसलीये पोरगी तिसऱ्या रांगेत, खातेय. उगीच काहीतरी."

मॅडमनी पट पाहिला, मग पोरं पाहिली. एकशे बारा नावं, एकशे बारा तोंडं. त्यांनी हुलिगेव्वाकडं अशा नजरेनं पाहिलं की आता बस बाळ, वेळ नको घालवू.

हुलिगेव्वाच्या डोक्यात रक्त चढलं. इतकी वर्षं ती खोट्या कागदावर चिडत होती आणि आज त्यांनी खोटा कागद खरा करून दाखवला होता, एका दुपारपुरता, तिच्याच बहिणीला गिरमिट चारून! तेवढ्यात शेजारी हुसेनबी उठली आणि तिनं आपला उजवा हात पुढं करून अंगठा वर धरला. तिचं नख आता कापलेलं होतं, पण मधली चीर गेलेली नव्हती.

"मॅडम, पट नका बघू," हुसेनबी म्हणाली. "अंगठे बघा."

"काय?"

"उजवे अंगठे. शाळेत येणाऱ्या पोराची दहा नखं सारखी असतात. कापसात जाणाऱ्याचं एक नख वाढलेलं असतं. कळी कापायला."

आणि मग बत्तीस पोरांनी एकदम उजवी मूठ मिटली. कुणी हात मांडीखाली दाबला, कुणी पाठीमागं घेतला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. दाखवली असती नखं तर कदाचित मॅडम म्हणाल्याही असत्या, खेळताना झालं असेल. पण बत्तीस हात एकाच वेळी लपले, त्याला उत्तर नव्हतं.

"दुर्गव्वा," हुलिगेव्वा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "हात काढ."

दुर्गव्वानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, गौडा रागावतील."

"रागावू दे. मी त्यांच्याहून जास्त रागावलेय."

दुर्गव्वानं हात काढला. काळं, चिरलेलं, बोटाच्या पुढं आलेलं नख. मॅडम खुर्चीतून उठून तिच्याजवळ गेल्या, तो अंगठा हातात धरला आणि नखावरून आपलं बोट फिरवलं. फकीरगौडा मध्येच बोलला. "घरकामात होतं तसं. मॅडम, चहा घ्या. सभा आवरू या. ठराव काय लिहायचा तो नंतर ऑफिसात बसून लिहू." हे बोलताना त्यानं घड्याळात पाहिलं. दुसऱ्यांदा.

हुलिगेव्वानं ते पाहिलं आणि तिला एकदम समजलं. तीन वाजले होते. रानात चाळीस एकरांवर उद्याच्या कळ्या उभ्या होत्या. अंधार पडायच्या आत त्या कापल्या नाहीत तर सकाळी उमलणार, आपल्याच परागानं फळणार आणि बियाण्याच्या दृष्टीनं मातीमोल होणार. कळी कुणासाठी थांबत नाही, अध्यक्षासाठीही नाही. आणि त्या कापणारे बत्तीस अंगठे या खोलीत होते.

"सभा कशी आवरणार?" ती मोठ्यानं म्हणाली. "पत्रात लिहिलंय, हात वर असेपर्यंत बंद करता येत नाही. होय ना मॅडम?"

"होय," मॅडम म्हणाल्या.

"मग करा रे हात वर. वाढलेल्या नखाचेच करा."

आधी हुसेनबीचा. मग दुर्गव्वाचा. मग कुणाचा टाय लोंबणारा, कुणाची बाही कोपरापर्यंत आलेली, असे एकेक करून हात वर गेले. चिठ्ठीवाल्यांनीही केले, त्यांना वाटलं आता काहीतरी खरं होणार.

मग प्रश्न सुरू झाले आणि थांबेनात. एकानं विचारलं, फवारलेल्या दिवशी रानात का पाठवता? एकीनं विचारलं, माझ्या वाटणीचं अंडं तीन महिने कोण खातंय? त्यावर मास्तरांना खोकला आला. "हे लिहा," हुसेनबी म्हणाली, "खोकल्यासकट लिहा." एका चिमुरड्यानं विचारलं, शौचालयाला कुलूप का? दुसऱ्यानं विचारलं, गौडांचा नातू शहरात शाळेत जातो, त्याचं नख बघायला मिळेल का? प्रत्येक प्रश्न मास्तरांना स्वतःच्या हातानं वहीत उतरवावा लागत होता आणि यंदा उतरवायला शेजारच्या गावची वही नव्हती. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. पुन्हा वाजवला. फकीरगौडा दाराशी जाऊन त्याच्यावरच ओरडून आला.

साडेचार झाले. फकीरगौडा हुलिगेव्वाजवळ येऊन खाली वाकला. आवाज मऊ केला.

"पोरी, तुझं म्हणणं काय? तुझ्या एकटीच्या बहिणीला सोडतो मी. बाकीच्यांना उठव."

कुणी इतक्या सरळ सौदा मांडेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि एक क्षण, खरं सांगायचं तर, तिला मोह झाला. दुर्गव्वासाठीच तर आली होती ती. मग तिनं त्या टायवाल्या पोराकडं पाहिलं. ते हात वर धरून दमलं होतं आणि डाव्या हातानं उजव्याला टेकू देत होतं.

ती उभी राहिली. "मॅडम," ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "गौडा म्हणतायत, माझ्या बहिणीला सोडतो. सोडतो म्हणजे धरलं होतं. हेही लिहा. सोडतो काय? ती काय तुमच्या गोठ्यातली आहे? भागाकार शिकायच्या वयात तुम्ही आमच्याकडनं कळ्या कापून घेता आणि मग आमचं डोकं नाही म्हणता! डोळे तुम्ही घालवता आणि चष्म्याचं शिबिरही तुम्हीच भरवता, फोटोसकट! बत्तीसच्या बत्तीस जणांची गैरहजेरी मांडा. पहिल्या दिवसापासून. आत्ता. इथं. नाहीतर हात खाली येणार नाहीत, आणि आमच्याकडं प्रश्न खूप आहेत. मी एकटी सहा हंगामांचे विचारू शकते."

"सहा कुठले, चारच की," हुसेनबी हळूच म्हणाली.

"रागात आहे मी, मोजायला लावू नकोस!"

फकीरगौडानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मॅडमकडं. मॅडमनी पर्समधून लाल पेन काढून टेबलावर ठेवलं. आणि तेव्हा, दुपारपासून एक शब्द न बोललेली शांतव्वा म्हणाली, "लिहा मास्तर. सही माझी लागते ना? मी करते." तिच्या नवऱ्यानं तिच्याकडं असं पाहिलं जसं टेबलच बोललं असावं.

मास्तर लिहायला बसले. 'ह' खोडून 'गै', 'ह' खोडून 'गै'. दुर्गव्वाच्या एकटीच्या रांगेला अर्धं पान लाल झालं. बत्तीस रांगा व्हायला सूर्य मावळला. टेम्पो केव्हाच निघून गेला होता, रिकामा.

घरी देवप्पा पाठ करून जेवला. सकाळी टेम्पो आला, तीनदा हॉर्न वाजवला. देवप्पानं दाराकडं पाहिलं, मग पोरींकडं, मग ताटातली शिळी भाकरी मोडली आणि म्हणाला, "कुणाला जायचंय का?" कुणी उठलं नाही. टेम्पो पुढच्या गल्लीत गेला. तिथून दोन पोरं चढल्याचं ऐकू आलं. हुलिगेव्वानं दात आवळले. दोन. त्यांची नावं तिला माहीत होती, आणि त्यांच्या बापाची दारंही.

तिनं दुर्गव्वाची वेणी घातली, तिला शाळेपर्यंत नेलं आणि वर्गात बसवून खिडकीबाहेर उभी राहिली. आठची बस आली आणि गेली. कोट्रेश मास्तर हजेरी घेता घेता खिडकीशी आले.

"तू अजून इथंच? विश्वास नाही होय माझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी बस गेलेल्या रस्त्याकडं पाहिलं. "आणि कॉलेज?"

"तिथं आज मी गैरहजर. तिकडं लिहितात."